धौली-जौगडचे पृथक लेख आणि शास्त्याचा आत्मसंयम

प्रियदर्शी अशोकाविषयी मराठीत जे लिहिले आणि बोलले जाते त्यात कलिंगयुद्ध व त्यानंतरचा पश्चात्ताप यांना मध्यवर्ती स्थान मिळालेले आहे. अशोक विजयादशमीच्या सभांतून आम्ही स्वतः हे कथानक अनेकदा ऐकले आहे व, प्रांजळपणे सांगावयाचे तर, दोनचार वेळा सांगितलेही आहे. रणभूमी, प्रेतांचे ढीग, राजाच्या नेत्रांतील अश्रू आणि तत्क्षणी झालेला हृदयपालट असा त्याचा क्रम ठरून गेला आहे. त्याला आधार आहे तो तेराव्या शिलालेखाचा. राज्याभिषेकास आठ वर्षे झाली असता कलिंग जिंकला गेला. दीड लाख माणसे तेथून हलविण्यात आली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली, हे राजाने स्वतःच कोरून ठेवले आहे. जगाच्या इतिहासात विजेत्याने दिलेली अशी कबुली विरळाच. तरीसुद्धा त्या कबुलीपाशीच थांबल्यामुळे आपले अशोकाचे आकलन एकांगी राहिले आहे असे आम्हास वाटू लागले आहे. हृदयपालट एका दिवसात होईलही. परंतु त्यानंतर जे राज्य छत्तीस-सदतीस वर्षांपर्यंत चालविले गेले ते रोज सकाळी उठून चालवावे लागले. त्या रोजच्या कामाचा विचार राजाने कोठे केला आहे काय, हा प्रश्न घेऊन आम्ही धौली व जौगड येथील दोन पृथक लेखांकडे वळलो. हे लेख अभ्यासकांना अपरिचित नाहीत, पण सभामंडपात ते क्वचितच पोहोचतात.

धौली हे स्थळ ओडिशात भुवनेश्वरनजीक आहे, जौगड गंजाम जिल्ह्यात. दोन्ही ठिकाणी चौदा शिलालेखांच्या मालिकेतील अकरावा, बारावा व तेरावा हे लेख वगळण्यात आले असून त्यांच्याऐवजी दोन स्वतंत्र लेख कोरलेले आहेत. यांनाच पृथक लेख किंवा कलिंगलेख म्हणतात. यांपैकी दुसरे नाव आता तितकेसे निर्दोष राहिलेले नाही. कर्नाटकात भीमेच्या काठी सन्नती येथे चंद्रलांबा मंदिराच्या परिसरात 1980 च्या दशकाअखेर जी शिळा उजेडात आली, तिच्यावर बारावा व चौदावा लेख आणि त्यांसोबत हेच दोन पृथक लेख आहेत. म्हणजे केवळ नव्याने जिंकलेल्या एका प्रांतापुरता हा मजकूर राजाने राखून ठेवला नव्हता. आपल्या भीमेच्या खालच्या अंगाला, महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नसलेल्या ठिकाणीही तो वाचला जात होता, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावी. (सोपाऱ्यास आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे मिळाले आहेत.)

पहिला पृथक लेख धौलीस तोसलीच्या आणि जौगडास समापा येथील महामात्रांना उद्देशून आहे. हे महामात्र नगरव्यवहारक, म्हणजे नगरात न्यायनिवाडा करणारे अधिकारी. या लेखातील जे वचन सर्वतोमुखी झाले आहे ते प्रजेला अपत्यवत् मानण्याविषयीचे. शालेय पुस्तकांत तेवढेच येते, आणि राजाच्या वात्सल्याचे उदाहरण म्हणून ते तेथे शोभूनही दिसते. परंतु लेख त्या वाक्यावर थांबत नाही. लगेच राजा महामात्रांस सांगतो की ही गोष्ट कोठवर जाऊन पोहोचते हे तुम्हांस कळलेले नाही. एखाद्याला कळले असेल तर तेही अंशतः. पितृत्वाची घोषणा करून झाल्यावर ती ज्यांच्या हातून अमलात यावयाची त्यांच्या आकलनाविषयी उघड असमाधान व्यक्त करणारा राजा आम्हास अन्यत्र आढळलेला नाही. आणि त्यापुढे येते एक अगदी साधे उदाहरण: कोणी एक माणूस बंधनात पडतो किंवा त्याला क्लेश भोगावे लागतात, आणि काही कारण नसता त्याच्या बाबतीत भलतेच घडते. येथील शब्दाचा अर्थ काहींनी 'अकारण सुटका' असा केला आहे तर काहींनी 'बंदिवासात अंत'. कोणताही अर्थ घेतला तरी न्यायाधिकाऱ्याच्या एका निष्काळजी निर्णयाचे दुःख त्या माणसाबरोबर इतर पुष्कळांना भोगावे लागते, हे तात्पर्य बदलत नाही.

असे का घडते, याचे उत्तर म्हणून राजा सात दोष सांगतो: ईर्ष्या, आसुलोप, निठूलिय, तूलना, अनावूति, आलसिय आणि किलमथ. सामान्यतः यांचे भाषांतर मत्सर, चटकन येणारा राग, निष्ठुरता, उतावीळ, अभ्यासाचा अभाव, आळस व थकवा असे केले जाते. आमच्या मते पृथक लेखांचे सारे वैशिष्ट्य या यादीत आहे. म्हणून तिच्यापाशी थोडे रेंगाळणे अवश्य आहे.

प्रथम जे यादीत नाही ते पाहू. तीत लोभ नाही. लाच, अपहार, राजधनाची चोरी यांचा एका शब्दानेही उल्लेख नाही. कौटिलीय अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांनी धन गिळंकृत करण्याचे चाळीस मार्ग मोजून दाखविले आहेत. त्या ग्रंथाचा काळ कोणताही धरला तरी अधिकारी आणि अपहार यांचा संबंध प्राचीनांना अज्ञात नव्हता एवढे निश्चित. असे असता अशोकाने लोभ का गाळावा? पालि वाङ्मयातील चार अगतींशी तुलना केली असता हा प्रश्न अधिकच ठळक होतो. सिगालोवाद सुत्तात छंद, द्वेष, मोह व भय या चार वाटांनी माणूस अन्यायाकडे जातो असे सांगितले आहे. त्यांतील छंद, म्हणजे आवडत्याची बाजू घेणे, अशोकाच्या यादीत नाही, भयही नाही. आम्हास असे वाटते की राजासमोर येथे भ्रष्ट अधिकारी नाहीच. त्याच्यासाठी दंड आहे, उपदेशाचे प्रयोजन नाही. राजासमोर आहे तो बऱ्यापैकी सज्जन, हात स्वच्छ असलेला, कामाच्या ओझ्याखाली वाकलेला महामात्र. तो कोणाचे घेत नाही, तरीही त्याच्या हातून निरपराध माणूस कोठडीत राहतो. हा दोष कोणत्याही दंडविधानात बसत नाही, आणि म्हणूनच त्याविषयी राजाला लिहावे लागले.

आसुलोप या शब्दावर पुष्कळ चर्चा झाली आहे. पालि अभ्यासकाला येथे अभिधम्माची आठवण झाल्यावाचून राहत नाही. धम्मसंगणीत दोस या चित्तधर्माचे जे विवरण येते त्यात चंडिक्क या शब्दाशेजारीच असुरोप हा शब्द आहे. मागधीत र चा ल होतो, हे लक्षात घेता दोन्ही शब्द एकच असावेत असे मानण्यास हरकत दिसत नाही. अट्ठसालिनीकारांनी त्याची जी फोड केली आहे ती व्युत्पत्तिशास्त्राच्या कसोटीस उतरो वा न उतरो, मानसशास्त्राच्या दृष्टीने मार्मिक आहे: रागात असलेल्याच्या तोंडून वचन नीट व पूर्ण बाहेर पडत नाही, म्हणून तो असुरोप. आणखी काहींच्या मते तो अश्रू आणतो म्हणून त्याला हे नाव. न्यायासनावर बसलेल्या माणसाविषयी हे दोन्ही खरे आहे. त्याचे वाक्य अर्धवट राहते आणि रडतो तो समोरचा.

तूलना हा शब्द मराठी वाचकाला चकविणारा आहे. एका हस्तलिखित भाषांतरात आम्ही त्याचा अर्थ 'इतरांशी तुलना करणे' असा दिलेला पाहिला. तो त्वरणा, म्हणजे घाई होय. विशेष असे की या सातांचे मूळ कशात आहे ते सांगताना राजा दोनच गोष्टी निवडतो, रागाचा अभाव आणि घाईचा अभाव. रागाविषयी सर्वच धर्मग्रंथ बोलतात. घाईला तिच्या पंक्तीस आणून बसविणे हे मात्र राज्य चालविणाऱ्याचेच निरीक्षण म्हणावे लागेल. जातकांत प्रसिद्ध असलेल्या दशराजधर्मांत अक्कोध आहे, खंती आहे, अविरोधनही आहे. परंतु घाईचा निषेध करणारा स्वतंत्र शब्द त्या दहांत नाही, आणि थकव्याचा तर नाहीच नाही. दशराजधर्म हे राजाने कसे असावे याचे चित्र आहे. पृथक लेख सायंकाळी पाचव्या फिर्यादीच्या वेळी अधिकाऱ्याचे काय होते ते सांगतो.

येथे एक व्यक्तिगत अनुभव नमूद करण्याची अनुज्ञा असावी. पालिच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम आम्ही अनेक वर्षे केले. एकदा, पुनर्मूल्यांकनासाठी परत आलेला एक गठ्ठा पाहताना आमच्या ध्यानात आले की ज्या विद्यार्थ्याला आम्ही अनुत्तीर्ण ठरविले होते त्याच्या एका प्रश्नाचे उत्तर पुरवणीत होते आणि ती पुरवणी आम्ही उलटलीच नव्हती. त्या विद्यार्थ्याविषयी आमच्या मनात द्वेष असण्याचे कारण नव्हते. तो कोण हेही आम्हास ठाऊक नव्हते. ती त्या दिवशीची शेवटून दुसरी उत्तरपत्रिका होती, इतकेच. त्याचे वर्ष वाचले. परंतु त्या रात्री आम्ही हा लेख पुन्हा काढून वाचला आणि किलमथ हा शब्द प्रथमच आम्हास नीट दिसला.

या दोषांच्या आधी राजा महामात्रांना मझ, म्हणजे मध्य, साधण्यास सांगतो. या शब्दावरून मज्झिमा पटिपदेचा येथे साक्षात उल्लेख आहे असे प्रतिपादन करण्याचा मोह अनेकांना झालेला आहे. आम्हास तो मोह होत नाही असे नाही. तथापि संदर्भ न्यायदानाचा आहे. दोन्ही पक्षांपासून सारखे अंतर राखणे असा अर्थ येथे अधिक सरळ लागतो, आणि पुढे चौथ्या स्तंभलेखात व्यवहारसमता व दंडसमता यांची जी मागणी राजा करतो तीही याच दिशेची आहे. एखाद्या राजाला बौद्ध ठरविण्यासाठी त्याच्या प्रत्येक शब्दातून सुत्त काढून दाखविण्याची आवश्यकता नसते. अशोकाचे उपासकत्व इतर लेखांतून पुरेसे सिद्ध आहे.

किलमथ या शब्दाबाबत मात्र सुत्तपिटकाशी संवाद टाळता येत नाही. धम्मचक्कप्पवत्तनात जे दोन अंत त्याज्य म्हणून सांगितले आहेत त्यांपैकी दुसऱ्याच्या नावातच हा शब्द आहे: अत्तकिलमथानुयोग, स्वतःला शिणविण्यात गुंतणे. अशोक तोच शब्द वापरतो आणि म्हणतो की जो थकलेला आहे तो उठत नाही. तुम्ही तर उठले पाहिजे, चालले पाहिजे, पुढे गेले पाहिजे. यामागे राजाचा स्वतःचा आदर्श आहे. सहाव्या शिलालेखात त्याने जाहीर केले आहे की जेवताना, अंतःपुरात, उद्यानात, कोठेही व केव्हाही प्रजेचे काम आपणास निवेदन करावे. उद्योगाने व कार्यनिवारणाने आपले समाधान होत नाही. (त्या यादीतील वच या शब्दाचा अर्थ शौचकूप की गोठा यावर विद्वानांचे ऐकमत्य नाही. पालितील वच्चकुटीमुळे आमचा कल पहिल्याकडे होता. परंतु शाहबाजगढीचा पाठ व्रजाकडे झुकतो हे मान्य करावे लागते.)

येथे आम्ही राजाशी सहमत होऊ शकत नाही. थकवा हा जणू आळसाचाच धाकटा भाऊ आहे अशा थाटात त्याची यादीत स्थापना झाली आहे. आळसाला सबब म्हणून थकवा पुढे केला जातो हे खरेच. अंगुत्तर निकायात आठ कुसीतवत्थू सांगितल्या आहेत त्यांत काम करावयाचे आहे म्हणून आडवे होणारा, काम करून झाले म्हणून आडवे होणारा, चालावयाचे आहे म्हणून आणि चालून आलो म्हणून आडवे होणारा असे सारे नमुने भेटतात. अशोकाचे म्हणणे त्या परंपरेत चपखल बसते. परंतु त्याच अंगुत्तरात आणि विनयाच्या महावग्गात सोण कोळिविसाची कथाही आहे. चंक्रमण करून करून त्याचे पाय फुटले व रक्ताळले, आणि तरीही चित्त विमुक्त होईना, तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तरी सूर लागत नाही, सैल सोडल्या तरी लागत नाही. अतिवीर्यातून औद्धत्य, म्हणजे चित्ताची अस्वस्थता, उत्पन्न होते. आता अस्वस्थ चित्ताचा न्यायाधिकारी कोणत्या दोषात सापडेल? घाईच्या आणि रागाच्या. म्हणजे ज्या दोन गोष्टींना राजा मूळ मानतो त्यांनाच त्याचा तिसरा उपदेश खतपाणी घालण्याची शक्यता आहे. थकलेल्याने उठावे एवढे सांगून भागत नाही. त्याला किती फिर्यादी द्याव्यात हेही सांगावे लागते, आणि ते महामात्राच्या हाती नसते, राजाच्या हाती असते. त्याविषयी लेख मौन पाळतो. आज संस्था, चळवळी व विहारांची कामे जे अंगावर घेतात त्यांच्याविषयी आपणही बहुधा असेच मौन पाळतो.

आता या लेखांच्या उजेडात महावंसातील एका प्रसंगाकडे पाहू. तो ग्रंथ अशोकानंतर सुमारे सातशे वर्षांनी सिंहलात रचला गेला; त्यात कलिंगयुद्धाचा उल्लेखही नाही; म्हणून त्याला इतिहास म्हणून आम्ही येथे घेत नाही. परंतु परंपरेने शास्त्याच्या जबाबदारीचा विचार कसा केला हे त्यातून कळते. पाटलिपुत्राच्या अशोकारामात सात वर्षे उपोसथ बंद पडला होता, कारण संघात शिरलेल्या तीर्थिकांसह तो करण्यास भिक्खू तयार नव्हते. राजाने वाद मिटवून उपोसथ करवावा म्हणून एका अमात्याला पाठविले. अमात्याने आज्ञेचा अर्थ आपल्या बुद्धीप्रमाणे लावला आणि जे भिक्खू ऐकेनात त्यांची आसनक्रमाने डोकी उडविली. राजाचा भाऊ तिस्स थेर उठून त्या आसनावर येऊन बसला तेव्हा कोठे त्याचा हात थांबला. वार्ता ऐकून राजा व्याकूळ झाला. हे पाप कोणाचे, असे त्याने विचारले. कोणी म्हणाले तुझे, कोणी म्हणाले दोघांचे. अखेरीस मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी तित्तिर जातक सांगून निर्वाळा दिला की जेथे तसा हेतू नाही तेथे पापकर्म नाही.

चेतना हेच कर्म या सिद्धान्ताच्या दृष्टीने थेरांचे उत्तर अचूक आहे. पारध्याने आमिष म्हणून पाळलेल्या तित्तिर पक्ष्याला जो प्रश्न पडला होता त्याचे उत्तर तेच असू शकते. परंतु तित्तिर पिंजऱ्यात होता. राजा सिंहासनावर होता. त्याने विचारलेला प्रश्न स्वतःच्या पुढील गतीविषयी आहे. आपण आज्ञा कशी दिली, ती ज्याला दिली त्याला ती कळली की नाही हे पाहिले काय, हा प्रश्न त्या कथेत कोणी विचारतच नाही. त्या अमात्याला पृथक लेखातील दोष लावून पाहावेत: तो लोभी नव्हता, आळशी तर नव्हताच, तो उतावीळ होता, निष्ठुर होता आणि गोष्ट कोठवर पोहोचते हे त्याला कळले नव्हते.

शिलालेखांतील अशोक याबाबतीत दंतकथेतील अशोकाहून कितीतरी सावध आहे. सहाव्या लेखात त्याने तरतूद केली आहे की आपण तोंडी दिलेल्या आज्ञेविषयी परिषदेत वाद वा पुनर्विचार उद्भवला तर ते आपणास तत्काळ कळवावे. आपली आज्ञा चुकू शकते, किंवा चुकीची ऐकली जाऊ शकते, हे येथे गृहीत आहे. पृथक लेखात तर दर पाच वर्षांनी जो कठोर नाही, चंड नाही असा अधिकारी पाहणीस पाठविण्याचे आश्वासन आहे. उज्जयिनीचा कुमार तीन वर्षे उलटू न देता तसेच करील, तक्षशिलेसही तसेच. चांगल्या हेतूवर विसंबून राहण्याची राजाची तयारी नाही. अखेरच्या काळातील चौथ्या स्तंभलेखात रज्जुकांना दंडाचे स्वातंत्र्य देतानाच देहदंड झालेल्यांसाठी त्याने तीन दिवसांची सवलत ठेवली. देहदंड रद्द केला नाही, ही त्याची मर्यादा आम्ही लपवू इच्छीत नाही. परंतु ते तीन दिवस म्हणजे तूलनेवर घातलेला व्यावहारिक बांध आहे असे आम्ही समजतो.

एक गोष्ट अजून बोलावयाची राहिली. कलिंगात तेरावा लेख नाही. ज्यांची माणसे मेली त्यांच्या भूमीवर राजाने पश्चात्ताप कोरला नाही. तो कोरला गिरनारला, कालसीला, दूर वायव्येस मानसेहऱ्याला. काही अभ्यासक यास मुत्सद्दीपणा म्हणतात, काही संकोच. दुसऱ्या पृथक लेखात सीमेवरील न जिंकलेल्या लोकांना राजा आश्वासन देतो की जे क्षमा करण्याजोगे असेल ते तो क्षमा करील. आणि तेराव्यात अटवीतील लोकांना पश्चात्ताप सांगतानाच सामर्थ्याचीही आठवण देतो. क्षमा देणारा तोच, मागणारा मात्र तो कलिंगात कोठेही नाही. कलिंगाला त्याने क्षमायाचनेऐवजी बरे अधिकारी देऊ केले. आम्हास हे पुरेसे वाटत नाही. मात्र युद्धानंतर अठरा वर्षांनी, राज्याभिषेकास सव्वीस वर्षे झाली असता कोरविलेल्या स्तंभलेखांच्या मालिकेत, तिसऱ्या लेखात, निष्ठुरता आणि ईर्ष्या हे दोन शब्द पुन्हा येतात. चंडपणा, क्रोध व मान यांच्या सोबतीला. माणूस आपले चांगले तेवढेच पाहतो, वाईट पाहत नाही, आणि असे पाहणे अवघड आहे, असे राजा तेथे म्हणतो. अठरा वर्षांपूर्वी ज्याचा हृदयपालट झाला त्याला हे अवघडच वाटत होते.

पहिल्या पृथक लेखाच्या अखेरीस वाचनाचा नियम दिला आहे. तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख ऐकावा. मध्यंतरीही संधी मिळेल तेव्हा ऐकावा. आणि एकट्यानेही ऐकावा, असे राजाने मुद्दाम घातले आहे. सभेतील वाचनाची सोय समजण्यासारखी आहे. न्यायव्यवहारातील एकट्या अधिकाऱ्याने, दुसरे कोणी नसताना, ईर्ष्येपासून थकव्यापर्यंतचे सात शब्द वाचकाकडून म्हणवून घ्यावेत व ते आपल्यात नसोत असे इच्छावे, अशी ही योजना होती. तोसलीच्या महामात्रांपैकी किती जणांनी असे केले याचा पुरावा अर्थातच खडकावर नाही.